गोळीचे नाव सांगणारी

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. वारज्यातील आमच्या वृद्धनिवासाच्या भोजनगृहात वर्षा राऊत औषधांचा ट्रे घेऊन आली. डॉक्टरांनी लिहिलेली औषधे आम्हा वृद्धांना वेळेवर देणे, हे तिचे काम. मूळची यवतमाळची, वय चाळिशीचे.

तिची एक रीत होती. गोळी हातावर ठेवण्यापूर्वी ती गोळीचे नाव मोठ्याने वाचे आणि कशासाठी आहे ते सांगे. लिमयेबाईंना स्वतःच्या मुलीचे नावही आठवत नाही. त्यांनाही ती रोज सांगे, "आजी, ही बीपीची. अर्धीच आहे."

मी एकदा म्हटले, "त्यांना काय कळणार आहे?"

"नाही कळलं त नाही कळलं, काका. पोट त त्यांचंच आहे ना."

मला गप्प बसवणारी माणसे फार नाहीत.

त्या सकाळी लिमयेबाईंच्या डबीत एक पांढरी गोळी जास्त होती. वर्षाने औषधांचा तक्ता पाहिला; त्यात तिची नोंद नव्हती. शेजारच्या टेबलावर व्यवस्थापक चहा घेत होते. तिने गोळी त्यांच्यापुढे धरली.

"अहो, त्या दिवसभर हाका मारतात. इतरांना त्रास होतो. झोपतील जरा. द्या, आणि वाचत बसू नका."

"डॉक्टरची चिठ्ठी कुठं आहे?"

"आपण कधीपासून डॉक्टर झालात?"

"नाही झाली ना, सर. म्हणूनच त चिठ्ठी मागून राहिली."

व्यवस्थापक हसले. तिने त्यांच्यासमोरच लिमयेबाईंच्या मुलीला फोन लावला. मुलगी हिंजवडीला नोकरी करते. या गोळीविषयी तिला कोणी विचारलेले नव्हते, डॉक्टरांनाही नाही. गोळी त्याच क्षणी बंद झाली. अकरा वाजता वर्षाची नोकरी गेली. कारण: नातेवाइकांशी परस्पर संपर्क.

माणूस हाक मारतो, म्हणून त्याला झोपवून टाकायचे. आमच्या माहितीपत्रकावर 'घरच्यासारखी काळजी' असे छापले आहे. हे सर्व घडत असताना मी वर्तमानपत्र उघडून शेजारीच बसलो होतो. एक ओळ वाचली नाही आणि एक शब्द बोललो नाही. तेही येथे नोंदवणे भाग आहे.

फाटकापाशी ती पिशवी घेऊन उभी होती. "आता कुठे?" मी विचारले.

"हडपसरला बहीण आहे. पण हे लोक अनुभवाचा दाखला देत नाही म्हणतात. त्याच्याबिगर औषधाच्या कामाले कोण ठेवते, काका? आणि तुम्ही उन्हात उभे नका राहू."

तिला थांबवून मी खोलीत गेलो आणि लिहिले: 'श्रीमती वर्षा राऊत यांनी मला दोन वर्षे औषधे दिली. एकदाही चूक झाली नाही. डॉक्टरांनी न लिहिलेली गोळी एका वृद्धेस देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना काढण्यात आले.' खाली नाव, निवृत्त कार्यकारी अभियंता हा हुद्दा, खोली क्रमांक. दोन प्रती केल्या. एक तिला दिली. ती रिक्षात बसून गेली. दुसरी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली आणि तारीख घालून पोच घेतली.