बाभळीवरची गादी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं असताना मी नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनात एकवीस वर्षं हमाली केली. शेषराव माझ्याच टोळीत होता. पाठीनं मजबूत, कामाला खरा. खोड एकच. फुकटचं काही दिसलं की त्यासाठी वाटेल तेवढे कष्ट करायचा.

जिनाकडं येणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी होत्या. हंगामात उंच भरलेल्या कापसाच्या गाड्या त्यांना घासत येत आणि काट्यांवर कापसाचे पुंजके अडकून राहत. शेषरावानं आठ हात लांब वेळूच्या टोकाला तारेचा आकडा बांधला. सुट्टी झाली की आम्ही घरी जायचो, तो मान वर करून रस्त्यानं फिरायचा. त्याची मुलगी कोकिळा तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या लग्नातली गादी याच कापसाची करायची, असं त्यानं ठरवलं होतं.

पुंजक्यांत सरकी असायची. जिनातलं यंत्र गाडीभर कापसाची सरकी काढताना हा माणूस रोज पाहायचा, आणि घरी जाऊन बोटांनी सरकी काढत बसायचा. बायको झुंबरबाई आणि कोकिळा, दोघींनाही बसवायचा. मी एकदा त्याला सांगितलं, की तेवढ्या वेळात चार गाठी जास्त उचल, कापूस विकत येईल.

तो म्हणाला, "विकत तं कोनीबी आनते."

आठ वर्षं हे चाललं. कोकिळेचं लग्न जानेफळच्या भगवानरावांच्या मुलाशी ठरलं. सुपारी फुटली तेव्हा शेषरावानं चारचौघांत गादी कबूल केली.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा फकीर मोहम्मद पिंजारी आला. थोडं पिंजलं नाही तोच धनुकलीची तात तुटली. त्यानं नवी लावली, तीही तुटली. मग त्यानं कापसात हात घातला आणि रक्त आलेलं बोट शेषरावापुढं धरलं.

"भाऊ, आधी याच्यातली बाभूळ काढा. मंग मले बलवा."

शेषरावानं ऐन हंगामात पाच दिवस खाडे केले. तिघं काटे वेचत बसली. हळद लागायच्या आदल्या दिवसापर्यंत कोकिळा वेचत होती. काट्यांबरोबर कुजका, मातकट कापूसही गेला. राहिला त्याची पिंजून एक उशी झाली.

मांडवात भगवानरावांनी ती उशी दाबून पाहिली आणि गादी कुठं आहे ते विचारलं. झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. शेषरावानं मान खाली घालून बाभळी, आकडा, सरकी, काटे, सगळं खरं सांगितलं. भगवानराव लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. वेळू किती लांब, आणि आकडा कशाचा.

"गादीचं राहू द्या, व्याहीबुवा," ते म्हणाले. "ते काठी द्या. आमच्या मेहकरच्या रस्त्यानं बाभळीच बाभळी हायेत."

लोक हसले. शेषरावाचे डोळे आनंदानं भरून आले. कोकिळा हसली नाही. ती आपली बोटं पाहत होती.

काठी वरातीच्या गाडीला बांधून जानेफळला गेली. पहिल्या सणाला कोकिळा माहेरी आली तेव्हा मी काठीचं विचारलं.

"तोडून चुलीत घातली, काका. दोन वक्ताचा सैपाक झाला."

"अन् मामंजी काही बोलले नाहीत?"

"बोलनार होते. मी म्हनलं, सरपन वाचलं. मंग खुश झाले."