तासाभरात हजर होणारा घरमालक

नोकरीत घरफोड्या पुष्कळ पाहिल्या. पण घर न फोडता अख्खं घरच भाड्याने देऊन टाकणारा माणूस एकदाच भेटला. नवापूरचं ते प्रकरण अजून डोळ्यांसमोर आहे, आणि आठवलं की हसू येतं.

मी तेव्हा तिथे सहायक पोलीस निरीक्षक होतो. एके सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच साठी उलटलेले एक गृहस्थ ठाण्यात आले. पत्नी वारल्यावर ते सुरतेला मुलाकडे राहायला गेले होते आणि इथलं घर कुलूपबंद होतं. आदल्या दिवशी शेजारच्या बाईंनी त्यांना फोन करून विचारलं, घर विकलं का? अंगणात रोज साड्या वाळत असतात.

"सायेब, मन्हा घरमा कोन ऱ्हास ते मालेच माहीत नही," ते अहिराणीत म्हणाले.

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि महिला अंमलदाराला सोबत घेऊन निघालो. दार उघडलं एका गरोदर मुलीने. दिवस भरत आलेले. ती नर्स, नवरा शिक्षक. दोघेही तालुक्यातल्याच कोकणी आदिवासी पाड्यांवरचे. घर कोणाचं, असं विचारल्यावर ती म्हणाली, आमच्या मालकांचं. माझ्यामागून ते तक्रारदार काका पुढे झाले आणि मालक मीच, म्हणाले. तिने लगेच नवऱ्याला फोन लावला.

काका संतापले होते. आजच्या आज यांना बाहेर काढा, असा त्यांचा आग्रह. चौकशी होईपर्यंत कोणीही घर सोडणार नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

नवरा-बायकोचे जबाब वेगवेगळे घेतले. ठरवून खोटं बोलणाऱ्यांचे जबाब शब्दाला शब्द जुळतात. या दोघांचं मात्र मालकाच्या मोटारसायकलच्या रंगावरही एकमत नव्हतं. मुख्य गोष्ट तेवढी एकच होती: मालक दर महिन्याला येतो, भाडं रोख घेतो, कागद मात्र काहीच केलेला नाही.

"पण साहेब, असा मालक मिळत नाही," नवरा म्हणाला. "नळ गळतो म्हटलं की तासाभरात पान्हा घेऊन हजर. दिवाळीआधी भिंतीसुद्धा स्वतःच रंगवून दिल्या."

बदल्यांमुळे माझा जन्म भाड्याच्या घरांत गेला. तासाभरात येणारा मालक मला कधी भेटला नव्हता. मी काकांना विचारलं, घराला शेवटचा रंग कोणी दिला होता? त्यांना लगेच आठवलं. पत्नीच्या उपचारासाठी धावपळ चालू असताना त्यांनी रंगाऱ्याकडे किल्ली देऊन ठेवली होती.

नवऱ्याला त्याच्या त्या मालकाला फोन करायला लावला: नळ गळतोय. मी आत थांबलो, काका बैठकीत बसले. रंगारी खरोखरच पान्हा घेऊन आला. काकांना पाहून त्याने पान्हा हळूच खाली ठेवला.

"दादा, तुम्ही कव्हय उनात?" कधी आलात, एवढंच त्याने विचारलं.

ठाण्यात त्याने सगळं कबूल केलं. किल्ली परत करण्याआधी त्याने दुसरी करून घेतली होती. फसवणूक आणि घरात बेकायदा प्रवेश असा गुन्हा दाखल झाला.

काका मात्र पंचनामा संपला तरी घरातच फिरत होते. ते खरं तर घर विकून टाकायच्या विचारात होते. भिंतींना ओल नव्हती. स्वयंपाकघरात भाकरी भाजल्याचा वास होता आणि त्यांच्या पत्नीने लावलेला कढीपत्ता परसात डोक्याएवढा उंच झाला होता. ते बराच वेळ त्या झाडापाशी उभे राहिले. ती मुलगी कपड्यांची पिशवी भरत होती. काकांनी तिच्या हातून पिशवी घेऊन परत जागेवर ठेवली.

"पोरी, कोठे जाशी? बाळातपन आठेच व्हऊ दे."

पुढच्याच आठवड्यात रीतसर भाडेकरार झाला आणि भाडेकरूंची माहिती ठाण्यात जमा झाली. पुढची एक खोली काकांनी स्वतःसाठी ठेवली. मुलगी झाली. बारशाला मी साध्या वेशात गेलो, तर दारात पाहुण्यांचं स्वागत करायला काकाच उभे.

तेव्हापासून भाड्याने घर घेणाऱ्यांना मी सांगत आलो: मालक तुमचं ओळखपत्र मागतो, तुम्हीही त्याच्याकडे घरपट्टीची पावती आणि वीजबिल मागा. घर असणाऱ्यांना सांगतो की कुलूप लावलं म्हणजे घर सांभाळलं असं नाही. चांगली माणसं बघून राहायला द्या, अधूनमधून स्वतः जाऊन या.

लोकांना घराबाहेर काढण्याच्या बंदोबस्ताला मी कितीतरी वेळा उभा राहिलो आहे. तक्रारदार आणि ज्यांना बाहेर काढा म्हणून तो आला होता ते, एकाच पंगतीत जेवताना मात्र त्या बारशालाच पाहिले. आमच्या पंगतीत बसण्याआधी वाढायलाही काकाच होते, आणि मला त्यांनी तिसरी पुरणपोळी घ्यायला लावली.