मला साल नको होती!

मंडळी, आज मोठा घोळ झालाय.

इकडे उत्तरेत, बख्शी का तालाब या गावी आम्ही लाकडी सांगाड्याचं घर बांधतोय. विटांपेक्षा महाग पडतंय, पण पटकन उभं राहतं. भीती एकच, वाळवीची. ती झाडाच्या सालीखाली लपते, म्हणून मिस्त्रींना मी फोनवर बजावलं होतं, "मुझे साल बिल्कुल नहीं चाहिए."

आज जाऊन बघते तर सगळे खांब युकॅलिप्टसचे! ठरलं होतं सालवृक्षाचं लाकूड, वाळवीला दाद न देणारं.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मैडम, साल को तो आप ही ने मना किया था."

हिंदीत सालीला छाल म्हणतात, हे तेव्हा आठवलं.

परवा छप्पर चढतंय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर खांब उतरवले असते का?

आणि मी आणखी काय काय नको म्हणून बसलेय?