स्पितीत भेटलेले महाकाल

यांची एलटीसी, म्हणजे बँकेकडून मिळणारी प्रवास-सवलत, त्या वर्षी वापरली नाही तर बुडणार होती. बँकेतल्या एका मित्राने यांच्या डोक्यात स्पिती भरवून दिलं. हिमाचलच्या पार टोकाचा, तिबेटच्या सीमेला लागून असलेला तो भाग नुकताच बाहेरच्या लोकांसाठी खुला झाला होता, आणि तिथल्या एका बौद्ध मठात उन्हाळ्यात मोठा उत्सव भरत असे. सासूबाईंना द्वारकेला जायचं होतं. "जिथे आपला देवच नाही तिथे जाऊन करायचं काय?" त्या म्हणाल्या. पण उज्जैनला माधव नगरच्या घरात एकटं राहायचीही त्यांची तयारी नव्हती. म्हणून आल्या, आणि रागावूनच आल्या. बरोबर दशम्या, शेव आणि भाजक्या पोह्यांचा डबा. बाहेरचं त्या पाण्याशिवाय काही घेत नसत.

सिमल्यानंतर तीन दिवस बस. आधी झाडं मागे राहिली, मग गवतही. मी शाळेत भूगोल शिकवायचे. 'शीत वाळवंट' हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील! खिडकीतून ते खरोखरीचं दिसलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. राखाडी, जांभळे, मधेच गंजासारखे तांबडे डोंगर, आणि इतके उघडे की टक लावून बघायचाही संकोच वाटावा.

उत्सवाच्या सकाळी मठाच्या पायऱ्या चढताना सासूबाईंना धाप लागली. चौकात भिंतीशी बसलेल्या एका तिथल्या म्हातारीने सरकून आपल्या घोंगडीवर त्यांना जागा दिली आणि थर्मासमधला चहा पुढे केला. सासूबाईंनी हात जोडून नको म्हटलं. म्हातारी हसली, कप खाली ठेवला आणि सरळ त्यांची पाठ चोळायला लागली. सासूबाई अंग चोरून बसल्या, पण तिचा हात काही त्यांनी बाजूला केला नाही.

मग छतावरून लांबलचक कर्णे वाजले. तो आवाज मला आधी छातीत जाणवला आणि मग ऐकू आला. दारातून मुखवटे घातलेले लामा एकेक करून उतरू लागले. हरणाचं तोंड, कवटीचं तोंड, भरजरी झगे, पायांत दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचे बूट. एक पाय उचलायचा, थांबायचं, आणि सगळं अंग फिरवून तो खाली टेकवायचा. चौकात शेकडो माणसं होती, पण एकही मूल रडत नव्हतं. यांच्या हातात कॅमेरा तसाच राहिला.

शेवटी एक निळा-काळा मुखवटा आला. तीन डोळे, बाहेर आलेले सुळे, डोक्यावर कवट्यांचा मुकुट. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. "अगं, हे कोण? विचार ना जरा."

शेजारी एक वयस्क लामा उभे होते. मी त्यांना हिंदीत विचारलं.

"महाकाल," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सासूबाई मात्र ताडकन उठल्या. "क्या बोले आप? कौन?"

"महाकाल. धर्म की रक्षा करते हैं."

"कहाँ के?"

लामांना प्रश्नाची गंमत वाटली. "यहीं के."

"पर हम तो उज्जैन से आए हैं! महाकाल तो हमारे वहाँ के हैं, भैया."

लामांनी क्षणभर विचार केला. "तो वहाँ के भी," ते म्हणाले.

 सासूबाईंनी खाली वाकून बूट काढले, दोन-दोन मोजे काढले आणि त्या बर्फासारख्या दगडावर अनवाणी उभ्या राहिल्या. मुखवटा फिरत फिरत आमच्या समोर आला. झग्याची बाही त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. त्यांनी हात जोडले.  उज्जैनमध्ये जन्म गेला, पण महाकालाच्या मंदिरात दर्शनाच्या रांगेत पुढच्याची पाठ सोडून मी कधी काही नीट पाहिलंच नव्हतं, असं त्या घटकेला वाटलं.

नाच संपल्यावर त्या घोंगडीवर बसल्या. म्हातारीने त्यांचे गार पडलेले पाय आपल्या मांडीवर घेतले आणि झग्याने झाकले. सासूबाईंनी खाली ठेवलेला कप स्वतःहून उचलला. लोणी घातलेला, मिठाचा चहा, तोही निवलेला. मी बघत होते. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळा संपवला.

"कढी आहे गं ही," मला म्हणाल्या. मग म्हातारीकडे वळून, "अच्छी है. बहुत अच्छी है." तिला किती हिंदी कळत होती कोण जाणे, तिने कप पुन्हा भरला.

निघताना म्हातारीने आपलं कपाळ सासूबाईंच्या कपाळाला टेकवलं. त्या बावरल्या, पण मागे सरकल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये यांनी दोनदा विचारून पाहिलं, "आई, बरं वाटतंय ना?" त्यांनी नुसती मान हलवली. नदीवरचा पूल ओलांडल्यावर मला म्हणाल्या, "एवढे जड बूट घालून नाचत होते, पण पाय टेकल्याचा आवाज बिलकुल येत नव्हता. तुझ्या लक्षात आलं का?"

माझ्या नव्हतं आलं.