गुडगावातला वाइनचा तास

माझी फजिती ऐकायचीय ना? मग चहा घ्या, आणि मध्येच हसू नका. आज मी हसून सांगतेय, पण तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधली सून. भाषांतराची पक्की सरकारी नोकरी सोडली आणि कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन प्यावी, हे लोकांना शिकवायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "पेन्शन सोडून दारू शिकवणार?" पण गुडगावात तेव्हा रोज नवी सोसायटी उगवत होती. नव्या फ्लॅटमधल्या नव्या ग्लासात काय ओतायचं, हे कोणीतरी सांगायला हवंच होतं की नाही?

एका सोसायटीचे सेक्रेटरी, माथुरसाहेब, म्हणाले, "मॅडम, एक ट्रायल क्लास कीजिए. लोगों को अच्छा लगा, तो साल भर आपका."

तारीख मीच ठरवली. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघितलं. श्रावण लागायला अजून दहा दिवस होते. म्हटलं, मंडळींनी तोंडाला कुलूप लावायच्या आत उरकून घेऊ. क्लबहाऊस सोमवारी रिकामं होतं. माथुरसाहेब फोनवर जरा घुटमळले, "मंडे को? आप श्योर हैं?"

"बिल्कुल!" मी म्हटलं.

सोमवारी सोळा जण आले, नटूनथटून. मी मटणाचे कबाब मांडले, रेड वाइन ओतली आणि सांगितलं, "पहले सूँघिए. जल्दी नहीं."

त्यांनी हुंगलं. पाच मिनिटं हुंगलं, दहा मिनिटं हुंगलं. ग्लास फिरवताहेत, डोळे मिटताहेत, माना डोलावताहेत, पण ओठाला लावतील तर शपथ. कबाबांकडे तर कोणी बघेना. वाइन बिघडली की काय? चाखून बघितली, चांगली होती. मग वाटलं, लाजत असतील. म्हणून कबाबाचा तुकडा आणि वर एक घोट, असं करून दाखवलं. एकदा या टेबलाशी, एकदा त्या टेबलाशी, मग पुन्हा व्हाइटबरोबर. पाय एका जागी ठरेनात. घाबरले की मी भरभर खाते, त्या दिवशी भरभर प्यायलेही.

शेवटी मिसेस माथुर हळूच म्हणाल्या, "मॅडम, हम ले नहीं पाएँगे. सावन का सोमवार है ना. आपको बुरा न लगे, इसलिए सूँघ रहे थे."

"सावन?" मी हसले. "सावन तो अभी लगा ही नहीं."

"आज दूसरा सोमवार है, मॅडम."

"हो ही नहीं सकता. अभी आषाढ़ चल रहा है."

चौदा वर्षं दिल्लीत राहून मला पत्ता नव्हता, की इथला महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपला अमावास्येनंतर. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच येऊन बसतो. आमच्याकडे सणवार सासूबाई बघायच्या, तेही पुण्याहून मागवलेल्या कॅलेंडरात. मी आपली टेबलावर हात आपटून आषाढ सिद्ध करतेय. मागून कोणीतरी पुटपुटलं, "मॅडम को चढ़ गई है."

माथुर नवरा-बायकोने मला गाडीत घालून घरी आणलं. दार सासूबाईंनी उघडलं.

"माताजी, घबराइए मत," माथुरसाहेब अदबीने म्हणाले. "थोड़ी ज़्यादा हो गई है. कह रही हैं, सावन आया ही नहीं."

"तो सही बोल रही है," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "अभी आषाढ़ है."

माथुरसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे, आणि दोन पावलं मागे सरकले. आयुष्यात थेंबाला न शिवलेली ती बाई, माझ्यापायी तीही पिणाऱ्यांत जमा झाली.

दोन दिवस मी फोनजवळून हलले नाही. नोकरी गेलेलीच होती, आता क्लासही गेला, असं धरूनच चालले होते. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"मॅडम, सबको बहुत मज़ा आया. राखी के बाद शुरू करेंगे, साल भर का पक्का. बस एक रिक्वेस्ट है. आप पढ़ाइए, पीजिए मत."

काय करणार, मान्य केलं. वर्षभर गुडगावला मी वाइनची चव समजावून सांगितली, हातात निंबूपाणी धरून.