पेन्सिलचा ठिपका

प्रयोगशाळेत तिला सगळे अंडीवाली मावशी म्हणत. बावीस वर्षं काम एकच. उबवणीच्या पेटीतून कोंबडीचं अंडं काढायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची आणि आतला पावणेदोन दिवसांचा जीव कागदी कड्याला चिकटवून अलगद उचलायचा. खिडकी पाडण्याआधी ती पुटपुटे, "देवा, तुझंच आहे, तूच बघ." त्यावर कुणी हसत नसे. एवढा स्थिर हात तिथे दुसऱ्या कुणाचा नव्हता.

त्या वयाचं हृदय म्हणजे नुसती नळी. आधी सरळ असते, मग गर्भाच्या उजव्या अंगाला वळते. का वळते, ते पीएचडी करणाऱ्या पोरीने तिला समजावलं होतं.

"पेशीच्या आत धाग्यांचा सांगाडा असतो, मावशी. काही प्रथिनं धागे कापतात, काही जोडतात. त्या ओढाताणीत नळी वळते. शिवणकामच म्हणा ना."

"आणि कापणाऱ्याने कापलंच नाही तर?"

"तेच तर बघायचंय. चार वर्षं झाली, आई विचारते, अजून अंडीच का?"

सोमवारी मावशीने साधी अंडी उघडली. कापणारं प्रथिन औषधाने अडवलेली अंडी मंगळवारी होती. मंगळवारी दहा वाजता लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, आठवा आठवडा, आणि त्या दिवशी तपासणी होती.

"आई, ठोका नाही लागला."

"बरं," मावशी म्हणाली. "जावई आहेत ना जवळ? काहीतरी खाऊन घे."

फोन ठेवून तिने हात धुतले आणि अकरा अंडी उघडली. त्यातलं नंतर तिला काहीच आठवेना. रडूही आलं नाही. घरी जाऊन तिने कपड्यांच्या घड्या घातल्या, देवापुढे बसली, पण मागायचं काय ते सुचेना. तशीच उठली.

शुक्रवारी पोर धावत आली. "मावशी, अकराच्या अकरा डावीकडे! गाईड मॅडम म्हणाल्या, यावर थीसिस उभा राहतो. चला, बघाच!"

पडद्यावर फोटो होते. रंग फक्त हृदयाला दिलेला, बाकी सगळं धूसर. मावशीची नजर फोटोच्या कोपऱ्यात गेली. कागदी कड्यावर पेन्सिलचा ठिपका दिसत होता.

तो ठिपका तिचाच. कड्याच्या वरच्या बाजूला ती तो करी. अंड्यातून गर्भ पाठ वर असा निघतो, म्हणून काचेवर ठेवताना कडं उलटायचं, पोट वर आणायचं. ठिपका खाली जायला हवा. तो दिसतोय म्हणजे कडं उलटलेलं नाही, आणि उजवं ते डावं दिसतंय. अकराही फोटोंत ठिपका होता. हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसतं.

पोर हसत होती. मावशीला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. काही वाटलं नाही.

"हृदयं उजवीकडेच आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"मी गर्भ उलटवलेच नाहीत. पाठीकडून बघतेयस तू. काच लाव, वरून खाली बघत जा. आधी कणा स्पष्ट दिसेल, मग हृदय. पोट वर असतं तर हृदय आधी दिसलं असतं."

पोरीने काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली, चकती फिरवली. आधी कण्याची रेघ आली. हृदय मागून आलं. दुसरी काच लावली, तिसरी लावली. मग ती स्टुलावर बसून राहिली.

"तुम्ही कधी चुकत नाही, मावशी."

"मंगळवारी चुकले."

मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "काय झालं होतं मंगळवारी?"

"घरचं होतं."

मॅडमनी चष्मा परत लावला. "परत करावं लागेल," एवढंच म्हणाल्या. पोर खिडकीशी उभी होती. वळून बघितलं नाही तिने.

सोमवारी औषध दिलेली नवी अंडी तयार झाली. पोर काचा घेऊन आधीच बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमची लेक बरी आहे?" म्हणजे कुठून तरी कळलं होतं.

"उठून कामाला लागली."

मावशीने पहिलं अंडं हातात घेतलं. ओठ हलले, शब्द आले नाहीत. खिडकी पाडली. आत ठोके चालू होते. तिने कडं ठेवलं, ठिपका केला, गर्भ उचलला आणि काचेवर उलटवला. ठिपका खाली गेला. मग दुसरं अंडं घेतलं.