पत्रिकेची बदाम सत्ती

जुन्या बाजारात मला विमानांच्या चित्रांचा पत्त्यांचा कॅट मिळाला. विकणारे काका त्यातलं एक पान बाजूला काढत म्हणाले, “हे घरी केलेलं आहे ताई, फेकून देतो.” मी त्यांचा हातच धरला. कुणीतरी लग्नपत्रिका कापून तिच्या कोऱ्या बाजूला लाल पेनानं सात बदाम काढले होते. न उघडलेले, कोरे करकरीत कॅट माझ्याकडे पुष्कळ आहेत. ते कुणीही जमवावेत. हे पान खेळत्या घरातलं आहे. बदाम सात खेळायला बसलं की सत्तीवाचून डाव सुरूच होत नाही. बाकीच्या पानांच्या पाठीवर विमानं, हिच्या पाठीवर पत्रिकेतला अर्धा गणपती. सत्ती कुणाकडे आहे ते सगळ्यांनाच दिसत असणार. दिसेना का! डाव तिनंच उघडायचा, आणि आरंभी गणपती हवाच.